नळ ठरवेल ती भाजी

छत्रपती संभाजीनगरच्या खाण्यावर कुणी लिहायला बसलं की त्याची लेखणी थेट नान-खलियात बुडते. मग 1327 साल येतं, महंमद तुघलक येतो, दिल्ली सोडून दौलताबादला निघालेली त्याची फौज येते आणि त्या फौजेच्या मुदपाकखान्यात हा पदार्थ कसा जन्मला याची दंतकथा येते. तिथून लेखक गुलमंडीवर इमरती खायला जातो आणि लेख संपतो. या शहरात घरोघरी रोज संध्याकाळी सात वाजता गॅसवर काय असतं, याची चौकशी ना तुघलकाने केली ना लेखकांनी. साहजिक आहे. तिथे इतिहास नसतो, तिथे दुधी असतो.

पण तो दुधी कढईपर्यंत कसा पोचला हे शोधायला गेलात, तर राजधानी हलवणं बरं वाटेल. बाहेरगावच्या माणसाचा समज असा, की घरची बाई सकाळी उठते, दोन मिनिटं विचार करते आणि आजची भाजी ठरवून टाकते. आमच्या शहरात भाजी बाई ठरवत नाही. नळ ठरवतो. बाई फक्त फोडणी घालते.

पैठणचं जायकवाडी धरण इथून पन्नासेक किलोमीटरवर. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी त्याचा पाया घातला, 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. साठा शंभर टीएमसीच्या वर, नाव नाथसागर. एवढा सागर उशाशी असून शहरातल्या नळाला रोज पाणी येत नाही. कधी चौथ्या दिवशी येतं, कधी आठव्या. हे आता आम्ही तक्रार म्हणून सांगत नाही, तिथी म्हणून सांगतो. त्याच पैठणला एकनाथांच्या वाड्यात साक्षात श्रीकृष्णाने श्रीखंड्या होऊन बारा वर्षं कावडीने पाणी भरलं अशी कथा आहे. तो रांजण भाविक अजून श्रद्धेने भरतात. माझं आपलं भाबडं मत असं, की देवाने ती नोकरी सोडल्यापासून त्या जागेवर दुसरी भरती झालेली नाही.

शहर पहिल्यापासून असं कोरडं नव्हतं. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी या नावाने हे शहर वसवलं आणि नहर खोदून डोंगरातलं पाणी गावात खेळवलं. पुढे पाणचक्कीत वरून पडणाऱ्या पाण्याने जातं फिरू लागलं आणि त्या पिठावर तिथल्या दर्ग्यातले फकीर आणि यात्रेकरू जेवू लागले. तेव्हा पाणी इतकं होतं की त्याच्याकडून दळण करून घेत. आता दळण गिरणीतून तयार येतं आणि ते भिजवायला पाणी वाटीने मोजून घेतात. पर्यटक पाणचक्की बघून म्हणतात, "काय तंत्रज्ञान!" आम्ही म्हणतो, "काय प्रेशर!"

तर आमच्या घरचं पंचांग असं. नळाच्या दिवशी पालेभाजी. मेथी, शेपू, चुका, चाकवत, काय हवं ते. काळ्या मातीतली पालेभाजी पहिल्या पाण्यात माती सोडते, दुसऱ्या पाण्यात गाळ सोडते, तिसऱ्या पाण्यात एखादा किडा सोडते आणि चौथ्या पाण्यात आपण नाद सोडतो. ही चारही पाणी बादलीत जमा होतात आणि कढीपत्त्याच्या कुंडीला जातात. आमच्या गल्लीतले कढीपत्ते एवढे का माजले आहेत, हे कृषी विद्यापीठाने शोधायला हरकत नाही. नळाच्या दुसऱ्या दिवशी वांगी, गवार, दोडका, भेंडी. पुसून घेतली तरी चालतात. मग मटकीची उसळ, पण ती नळाच्या दिवशीच भिजत घातलेली असावी लागते. मोड येईपर्यंत पाणी संपत आलेलं असतं. आणि अगदी शेवटच्या दिवशी पिठलं.

पिठल्याला लोक उगीच गरिबाघरचं खाणं म्हणतात. एक कढई, एक तांब्या पाणी, मूठभर बेसन आणि लसूण. वर भाकरी असली की ताटाचीही गरज नाही, भाकरीवरच पिठलं. खरकटं भांडं एक. आमच्याकडे पिठलं हे टाकी तळाला लागल्याचं अधिकृत निवेदन असतं. गल्लीतून लसणाच्या फोडणीचा खमंग वास सुटला की जाणता पाहुणा समजून घेतो आणि दारातूनच म्हणतो, "नको नको, चहा नको, आताच घेऊन आलो."

एवढं नीट बसवलेलं पंचांग मोडायला घरात एक माणूस लागतोच. आमचे हे. वाळूजला कंपनीत आहेत, क्वालिटी विभागात. पहिली पाळी असली की पहाटेची बस गाठायची, म्हणजे माझ्या डब्याला त्याहून आधीची पहाट. डब्यात रस्सा चालत नाही, बसमध्ये सांडतो. सुकी भाजी हवी. परतताना मात्र यांच्या अंगात शेतकरी संचारतो. कधी औरंगपुऱ्यात उतरतात, तर कधी सुट्टीच्या दिवशी पहाटे जाधववाडीच्या बाजार समितीत जाऊन हर्राशी, म्हणजे लिलाव, बघतात. हर्राशीच्या जोशात माणसाला काय लागतं हे कळत नाही, काय स्वस्त आहे एवढंच कळतं. असेच एकदा टाकी तळाला गेलेली असताना दोन्ही पिशव्यांतून मेथी घेऊन आले.

"अहो, आज नळ नाही."

"दहाला तीन जुड्या होत्या."

"धुवायच्या कशात?"

"झटकून घे ना जरा."

हा माणूस दिवसभर गाड्यांच्या सुट्या भागांवर केसाएवढी चीर शोधून माल परत पाठवतो. मेथीला मात्र झटकलं की पास!

भाजीवाल्यांशी घासाघीस हा यांचा दुसरा छंद. शहागंजातला भाजीवाला यांना चांगला ओळखतो. "लो ना साब, एकदम ताजी है, सुबेकीच है," असं म्हणत तो कालची भाजी वर ठेवतो. हे त्याला दोन रुपये कमी करायला लावतात, तो करतो, आणि वरून मिळणारी कोथिंबीर तेवढी देत नाही. कोथिंबीर घरी नेली की माझ्याकडून स्वागत होतं हे हिशेबात धरलं, तर यात कोण जिंकलं ते उघड आहे.

हिवाळ्यात मात्र नळाची सत्ता थोडी ढिली पडते. कारण तेव्हा बाजारात हरभऱ्याचा पाला येतो. जगातली ही एक गुणी पालेभाजी, जी धुवायचीच नाही. कोवळ्या पाल्यावर रात्रीच्या दवाबरोबर आंब धरते, धुतलं की ती आंब जाते आणि भाजीची चव उतरते. आमच्या शहरासाठी देवाने मुद्दाम केलेली योजना म्हणावी अशी ही भाजी आहे. शेतकरीही पाला खुडू देतो, कारण शेंडे खुडले की झाडाला फुटवे जास्त येतात. हा पाला ताजा करा, नाहीतर वाळवून डब्यात भरा आणि उन्हाळ्यात काढा. सासूबाई तो डबा सोन्याच्या डब्याशेजारी ठेवतात, आणि दोन्हींतल्या कुठल्याची चावी त्यांच्याकडे असते ते मी सांगत नाही.

हिवाळ्यात करडईची कोवळी भाजी, तुरीच्या ओल्या शेंगा, सोलाणे, बोरं, गाजरं, वांगी असं सगळं एकदम येतं. भोगीला या सगळ्यांची तीळ घालून एकच भाजी आणि सोबत बाजरीची भाकरी. मग येतो हुरडा. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली ज्वारीची कोवळी कणसं, हातावर चोळून काढलेले गरम दाणे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. एके काळी हुरड्याला ओळखीतला शेतकरी लागायचा, आता तिकीट लागतं. दौलताबाद-खुलताबादच्या बाजूला शेताशेतांवर हुरडा पार्टीचे फलक लागतात, त्यात बैलगाडीची फेरी असते आणि झोका असतो.

आमचा मुलगा पुण्यात आयटीत आहे. त्याचे मित्र हुरडा खायला आले होते. त्यातल्या एकाने दाणे तोंडात टाकण्याआधी विचारलं, "काकू, हे ग्लुटेन-फ्री आहे का?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणू लागला गं हा?"

"आत्या, तो विचारतोय यात गव्हातला चिकटपणा आहे का."

"चिकटपणा असता तर तुझ्या भाकऱ्या अशा फाटल्या असत्या का?"

शास्त्र आणि सासूबाई यांचं एकमत झाल्याचा हा मला आठवणारा एकुलता एक प्रसंग. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून भाकरीचं पीठ उकळत्या पाण्यात मळावं लागतं, तेव्हा कुठे ते जुळून येतं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि मग भाकरी थापताना चारी बाजूंनी सीमावाद सुरू होतात. शास्त्र याचा दोष पिठाला देतं. सासूबाईंचं मत तेवढं उदार नाही.

त्या मित्राने मग आम्हाला सांगितलं, की ज्वारी-बाजरी आता सगळ्या जगाला कळली आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, आणि 2024 मध्ये जालन्याच्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. 1972 च्या दुष्काळात त्या नव्या सुनबाई होत्या. दुष्काळी कामांवर तेव्हा सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो. त्या म्हणाल्या, "आम्ही मिलो गिळला तेव्हा कुणी वर्ष साजरं केलं नाही बाबा." पुण्याचा मित्र गप्प झाला आणि त्याने आणखी दोन कणसं मागून घेतली.

मार्चनंतर ऊन चाळिशीकडे निघतं आणि माझी गच्ची कारखाना होते. कुरडया, पापड, सांडगे, शेवया, बाजरीच्या खारोड्या. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचा आणि रोज पाणी बदलायचं, म्हणजे कुरडयांचा मुहूर्त भटजींना नाही, शेजारणीला विचारावा लागतो: "तुमच्याकडे नळ कधी?" मे महिन्यात मंडईत भाजी असते, पण तिची अवस्था बघवत नाही. तेव्हा डब्यातला वाळलेला हरभरा, वाळलेली गवार आणि सांडग्यांची आमटी कामाला येते. सोबत कैरीचा तक्कू, किसलेला, कच्चा, गूळ-तिखट घातलेला. त्याला ना शिजवणं, ना ढवळणं. आणि आमरस आला की भाजीचा प्रश्नच मिटतो. रस वाढलेल्या ताटात भाजी काय आहे हे आजवर कुणी विचारलेलं नाही, भाजी नसली तरी लक्षात आलेलं नाही.

पावसाळ्यात करटुली आणि अंबाडी येते. अंबाडी, तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या एकत्र शिजवून वर लसणाची फोडणी ओतली की जेवणारा बोलत नाही. जेवणाच्या बाबतीत आमचं शेजारच्या गल्लीशी संधान आहे. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाकडे होता. निजाम गेला, पण मागे चिंचेची खट्टी दाल, बघारे बैंगन आणि तहरी ठेवून गेला. त्या गल्लीतल्या बाजी, म्हणजे तिकडच्या ताई, या तिन्हींत वाकबगार. त्यांच्या गल्लीला नळ आमच्या आदल्या दिवशी येतो. त्यामुळे आमच्याकडे पिठल्याची पाळी आली की त्यांच्याकडे पालेभाजी असते, आणि त्यांची टाकी तळाला गेली की आमच्याकडे मटकीची उसळ. डबे भिंतीवरून जातात आणि रिकामे परत येत नाहीत. दोन गल्ल्यांमधल्या सलोख्यावर भाषणं बरीच झाली आहेत. माझ्या मते दोन्हीकडे एकाच दिवशी पाणी सोडलं तर तो थोडा कमी होईल.

आणि मग भाद्रपदात महालक्ष्म्या येतात. ज्या घरात वर्षभर एक भाजी ठरत नाही, त्या घरात एका दिवशी सोळा भाज्या! सोबत पुरण, कढी, कटाची आमटी, आंबील, अळू, भजी, कोशिंबिरी. बाजारात सोळा भाज्यांचा तयार वाटा मिळतो. त्यात एक शेवग्याची शेंग, अर्धं कारलं, दोन भेंड्या, पडवळाचा तुकडा, चार घेवडे असा ऐवज असतो. आमचे हे तो वाटा ओट्यावर मांडून कंपनीच्या पद्धतीने मोजतात आणि दर वर्षी पंधराच भरतात. मग परिषद बसते. कोथिंबीर धरायची का? मिरची भाजी आहे का? लिंबू? सासूबाईंचा निकाल ठरलेला असतो: "कढीपत्ता धरा." म्हणजे वर्षभर चार-चार पाणी पिऊन माजलेला आमच्या दारचा कढीपत्ता शेवटी देवीच्या पानात सोळावा होऊन बसतो. त्या दिवशी नळ असतो का, हे विचारू नका. त्या दिवशी टँकर असतो.

आता राहिला प्रमाणाचा प्रश्न. 1970 मध्ये कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं आणि मराठी घरांना वाटी-चमच्याचं माप मिळालं. आमच्या घरीही ते पुस्तक आहे. मी ते उघडते, सासूबाई ते मिटतात. त्यांच्याकडे मुठीचं मीठ, चिमटीचा हिंग आणि "दिसेल तेवढं तेल" अशी तीन मापं आहेत. मुलगा पुण्याहून फोन करतो.

"आई, पिठल्यात पाणी किती घालू?"

"बेताचं."

"बेताचं म्हणजे किती मिलिलिटर?"

मी फोन सासूबाईंकडे देते. त्या विचारतात, "तुमच्या नळाला रोज पाणी येतं ना रे? मग घाल की कितीही." त्यानंतर त्याचं पिठलं सूपसारखं होतं आणि तो बाहेरून काहीतरी मागवतो. रोज पाणी येणाऱ्या घरात स्वयंपाक होत नाही आणि आठव्या दिवशी येणाऱ्या घरात सोळा भाज्या होतात, याचा अर्थ मला अजून लावता आलेला नाही.

या सगळ्या उठाठेवीला समाजात नाव आहे 'साधं जेवण'. कंपनीतून आल्यावर हे बूट काढता काढता म्हणतात, "फार काही करू नको, साधंच काहीतरी कर." या घरात जेवढ्या आज्ञा सुटतात त्यांत ही सर्वांत अवघड. साधं वरण हवं तर तूरडाळ चांगली हवी, तिला हिंग-हळदीचं नेमकं प्रमाण हवं, वर साजूक तूप हवं. साधी शेंगदाण्याची चटणी हवी तर शेंगदाणे मंद आचेवर भाजायला हवेत, सालं पाखडायला हवीत, लसूण सोलायला हवा. साधी आमटी येसर घालून हवी, तर ते येसर महिन्यापूर्वी धान्य आणि मसाले भाजून, दळून ठेवलेलं हवं. साधी भाकरी हवी तर दळण ताजं हवं, पाणी उकळतं हवं आणि मागे उभं राहून कुणी शेरे मारणारं नको. याउलट पनीरची कसली तरी लाल भाजी करायला पाकिटं फोडता यायला हवीत, एवढं पुरतं. तरी कौतुक तिचं होतं, कारण ती दिसायला अवघड असते.

तेव्हा वाचकहो, माझं सांगणं थोडकं आहे. घरात कुणी "आज काय करू?" असं विचारलं, तर "काहीही चालेल" म्हणू नका. काहीही चालत नाही, हे ताटावर बसल्यावर तुमच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. भाजीचं नाव घ्या. नाव घेण्याआधी बाजारात या दिवसांत काय येतं ते पाहा, म्हणजे मे महिन्यात मेथी मागणार नाही. टाकीत किती पाणी आहे तेही एकदा डोकावून बघा. आणि एवढं करूनही नाव सुचत नसेल, तर एक जुडी पुढ्यात ओढा आणि निवडायला बसा. निम्मी निवडून होईपर्यंत आज काय करायचं ते आपोआप ठरतं, आणि उद्या काय आणायचं नाही तेही.